ओबुरासाठी राखलेला नंबर

पडदा वर जातो तेव्हा मंचावर कोणी नाही. बुटकी खोली. भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले, आवाज घुमू नये म्हणून. मधोमध टेबल, टेबलावर माइक, माइकशेजारी लाल दिवा, आणि तो दिवा पेटलेला आहे. खिडकीबाहेर सरोवर उजळत चाललंय. म्बिताच्या धक्क्याला होड्या लागताहेत, ओमेनाच्या बारीक मासळीचे चंदेरी ढीग वाळूवर ओतले जाताहेत, आणि कोणाचा ढीग कुठवर यावरून बायका एकमेकींचे पूर्वज काढताहेत. बाहेर सगळा कल्लोळ. आत चिटपाखरू नाही. सकाळचा नमस्कार सांगायचा तो निवेदक ओविटी अजून पोचलेला नाही. त्याच्या मोटरसायकलने वाटेत दगा दिला आहे. दिवा पेटलेला, माइक उघडा, आणि सरोवराकाठच्या साऱ्या रेडिओंतून या क्षणी नुसती शांतता वाहते आहे.

मग त्या शांततेत कोणीतरी घसा खाकरतं.

"घरातल्यांनो, होडीतल्यांनो, उठलात का? मी ओबुरा. वाटेतच आहे. आलोच, वाट बघा."

खुर्ची रिकामीच. दारात चहाचा थर्मास घेऊन एक उंच बाई उभी आहे. गळ्यात मण्यांची माळ असावी तशी निळ्या तारेची गुंडाळी. तिने थर्मास पडू दिला नाही. घरात कोणी झोपलेलं असताना ठेवावा तसा हळूच खाली ठेवला.

ओबुराला सरोवरात बुडून तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्याची होडी सापडली होती. तो सापडला नव्हता.

ती बाई म्हणजे अचोला. तिच्या लोकांत, लुओंमध्ये, घरावर मरणाची छाया असताना जन्मलेल्या लेकीचं हे नाव. बाप गेला त्याच्या दुखवट्यातच ती जन्माला आली, त्यामुळे पाळण्याआधी रडणं तिने ऐकलं होतं. माहेर सेमेकडचं, म्हणून सासरच्या गावात आणि पुढे या रेडिओ केंद्रातही सगळे तिला "न्यार सेमे" म्हणत, म्हणजे सेमेची लेक. पन्नाशी उलटली तरी ती सेमेची लेकच राहिली. नातवंडं झाली तरी लेकच.

तरुणपणी ती किसुमूच्या टपाल कचेरीत टेलिफोन जोडून द्यायची. काय दिवस होते ते! बायकांची रांग, प्रत्येकीच्या डोक्यावर कानाचं यंत्र, समोर भोकाभोकांची फळी, आणि हातात दोऱ्या. इकडची दोरी उपसायची, तिकडे खुपसायची, दोन माणसांचे आवाज एकमेकांना भेटवून द्यायचे आणि आपण बाजूला व्हायचं. लग्नं ठरलेली तिने ऐकली, मोडलेली ऐकली, आणि एक शब्द कधी बाहेर नेला नाही. पुढे आपोआप फोन लागायला लागले आणि त्या सगळ्या बायकांना घरी पाठवलं. अचोला काही वर्षं भुईमूग विकत बसली. मग चर्चच्या आवारात कोणीतरी जुने कॉम्प्युटर आणून टाकले, तेव्हा बाकीच्या बायका शिवणाकडे वळल्या आणि ही तारांकडे. म्हणायची, तार मला ओळखते.

केंद्र सुरू झालं तेव्हा इथलं सारं नेटवर्क तिनेच मांडलं. स्टुडिओ, बातम्यांची खोली, कचेरी, सगळी मशीनं एका नेटवर्कवर, एकाच आवारात. कोणीही कोणालाही हाक मारावी. प्रसारणाचं मशीन तर जो आवाज पाठवेल त्याचा वाजवणार. कोण तू, कुठला, हे विचारायचं नाही. तिला ते बरोबरच वाटलं होतं. एका पातेल्यातून जेवणाऱ्यांनी एकमेकांना नाव विचारायचं नसतं.

आणि तारा कापायला-जोडायला तिने ज्याला शिकवलं तो ओबुरा, ओविटीच्या आधीचा सकाळचा निवेदक. गळा असा, की बाजारातली गिऱ्हाइकं भाव विसरायची. पण पहाटे होडी घेऊन पाण्यावर जायचा षोक, त्यामुळे कामावर रोज उशीर. उशीर झाला की मोटरसायकलवरून फोन करायचा आणि तिथूनच लोकांना नमस्कार सांगायचा, मागे इंजिन धडधडतंय, "वाटेतच आहे, आलोच." लोकांना त्याची इतकी सवय झाली की तो वेळेवर आला तर चुकल्यासारखं वाटे. केंद्राचे प्रमुख म्वालिमु ओगाल, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, त्याला रागवायचे आणि घरी जाऊन बायकोला त्याची नक्कल करून दाखवायचे.

तो बुडाला आणि काही दिवसांनी त्याचा आवाज परत आला.

रोज नाही. ज्या सकाळी स्टुडिओ काही वेळ गप्प राही, त्याच सकाळी. ही गोष्ट पहिल्यांदा ओविटीच्या लक्षात आली, आणि त्या दिवसापासून त्याने तोंड मिटणं सोडलं. पाणी प्यायचं तर आधी गाणं लावायचं आणि मग प्यायचं. शब्द संपले तर औषधाच्या पुडीवरचा मजकूर वाचायचा. एकदा खिडकीतून दिसणाऱ्या बकऱ्यांचं वर्णन त्याने इतका वेळ केलं, की बकऱ्यांचा मालक शिव्या देत केंद्रावर आला, त्याला वाटलं जनावरं चोरीला गेली आणि रेडिओवर ओळख पटवताहेत. लोक हसले. पण संध्याकाळी कोणी स्टुडिओत एकटं बसेना. झाडू मारणारी बाई दारातूनच झाडून जायची.

आणि हसण्याच्या पलीकडे एक म्हातारी होती.

ओबुराची आई, मिन ओबुरा, धक्क्याच्या वरच्या अंगाला राहायची. रेडिओ उशाशी. ज्या सकाळी आवाज येई, त्या सकाळी ती उठून मक्याच्या पिठाचं घट्ट कुओन रटरटायला टाकायची, वर भाजलेला मासा ठेवायची, ताटली फडक्याने झाकायची आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहायची. ऊन डोक्यावर येईपर्यंत. मग ताटली घेऊन परत.

ओबुराचा काका न्यांगवेसो एक दिवस केंद्रावर आला. कोट घालून आला, म्हणजे प्रकरण गंभीर. पाणी घेतलं नाही, खुर्ची मात्र घेतली. त्याने सांगितलं ते म्वालिमुंना ठाऊक होतंच. पाण्याने माणूस परत दिला नाही, तर त्याच्या जागी यागोचं फळ पुरायचं, मांडीएवढं लांब, तेवढंच जड, त्याच्या पांघरुणात गुंडाळून, रडून भेकून, रीतीने. त्याशिवाय गेलेला जात नाही. फळ आणून कणगीखाली ठेवलं होतं. ते वाळलं. दुसरं आणलं. तेही वाळत आलं. धाकट्या भावाची नवरी माहेरी खोळंबली होती, कारण थोरल्याचं काही ठरल्याशिवाय धाकट्याने घर उभं करायचं नाही. आणि म्हातारी खड्डा खणू देत नव्हती. ती एकच वाक्य बोलायची, आणि काकाने ते तिच्याच आवाजात म्हणून दाखवलं.

"ज्याचा आवाज येतो, त्याला मी पुरू कशी?"

मग त्याने कोटाची बटणं लावली आणि म्हणाला, केंद्र बंद करा, नाहीतर जाणता बोलवा, पण या पोराला माझ्या भावाच्या घरावरून उठवा.

म्वालिमु चर्चमध्ये वडीलधारे म्हणून पहिल्या बाकावर बसणारे. त्यांनी भुताची गोष्ट उडवून लावली. तारेतला बिघाड आहे, म्हणाले. काका गेल्यावर मात्र त्यांनी अचोलाला आत बोलावलं, दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "बिघाडच आहे ना, न्यार सेमे?"

ती म्हणाली, "आवाज कुठून येतो ते शोधते. मग सांगते काय आहे ते."

शोधायचं कसं, हाच पेच होता. सगळी मशीनं एका आवारात, त्यामुळे हाक कोणत्या कोपऱ्यातून आली ते कळायला वाव नाही. ज्या गर्दीत सगळेच बोलतात तिथे चोराला गप्प बसायचीही गरज नसते. अचोलाने ठरवलं, आवार फोडायचं. एकाची चार करायची. स्टुडिओचं वेगळं, बातम्यांचं वेगळं, कचेरीचं वेगळं, आणि येणारे-जाणारे पाहुणे आपले फोन जोडतात त्यांचं वेगळं.

म्वालिमुंना ते पटेना. "तार तीच, पेटी तीच, भिंत एक बांधायची नाही, आणि म्हणे चार आवारं. ही कुठली जादू?"

"आपल्या आवाराला तरी भिंत कुठे असते, म्वालिमु? शेराच्या काड्या रोवल्या की कुंपण. पलीकडचा दिसतो, ऐकू येतो, पण शहाणा माणूस फाटकातूनच येतो ना?"

मग तिने जमिनीवरच बोटाने आखून दाखवलं. प्रत्येक मशीनला नंबर असतो. त्याचा पुढचा भाग सांगतो आवार कोणतं, मागचा सांगतो आवारातलं घर कोणतं. आजवर पुढचा भाग सगळ्यांचा एकच होता. आता कुंपणाची रेघ थोडी सरकवायची, म्हणजे त्याच नंबरांच्या चार वाड्या पडतात. एका वाडीतली हाक त्याच वाडीत विरते. दुसरीकडे निरोप धाडायचा तर फाटकातून, आणि फाटकाची कडी अचोलाच्या हातात. म्वालिमुंनी फरशीवरची ती रेघ बराच वेळ बघितली आणि म्हणाले, देव करो आणि त्यालाही फाटकाची रीत माहीत असो. 'तो' कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी चर्चची प्रार्थना प्रसारित होत असताना तिने काम केलं. खोल्याखोल्यांतून फिरली, प्रत्येक मशीनला नवं घर दिलं. आपल्या रीतीने दिलं. आवारात फाटकासमोर थोरल्या बायकोचं घर, तसं प्रसारणाचं मशीन पहिलं. मग उजवीकडे एक, डावीकडे एक, वयाने. स्टुडिओच्या वाडीत एक नंबर तिने ओलांडला. तो ओबुराच्या मशीनचा. ते मशीन कधीच कचेरीत नेऊन दुसरं काही करून टाकलं होतं, नंबर मोकळा होता, आणि ओविटीने तो मागितलाही होता, आकडा शुभ आहे म्हणून. अचोलाने त्याला झापलं होतं. "ज्याला अजून मातीत ठेवला नाही, त्याच्या जागेवर चूल मांडतोस? तुझ्या आईने तुला काय शिकवलं?" ओविटी लाजला होता आणि वर म्हणाला होता, "आईने शिकवलं, न्यार सेमेशी वाद घालू नकोस."

तेव्हापासून तो नंबर तसाच होता. राखलेला.

सोमवारी सकाळी तिने बातम्यांच्या खोलीचं फाटक लावलं. आणि ओविटीला सांगितलं, आता गप्प बैस.

ओविटी बसला. दोन्ही हात तोंडावर. लाल दिवा पेटलेला. बाहेर धक्क्यावर कोणाचा तरी रेडिओ चालू होता, तोही गप्प झाल्याचं इथे आत ऐकू आलं. शांतता अशीही ऐकू येते. भिंतीवरचे ट्रे शेकडो रिकाम्या डोळ्यांनी बघत होते. मग रेडिओवर ओबुरा खाकरला. "घरातल्यांनो, होडीतल्यांनो..." ओविटीने घाईने गाणं लावलं आणि बाहेर जाऊन अंगणातल्या नळाखाली डोकं धरलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीचं फाटक लागलं. आवाज आला. त्याच्या पुढच्या दिवशी पाहुण्यांचं लागलं. तरीही आला, त्याच शब्दांत, त्याच हसऱ्या घाईत: वाटेतच आहे. आणि तिन्ही दिवस खिडकीतून दिसत होती, पाण्याच्या कडेला, ताटली घेतलेली एक आकृती. अचोलाला कळत होतं की आपण शोधासाठी पाडलेली प्रत्येक शांतता त्या म्हातारीला धक्क्यावर उभं करते आहे. पण आता थांबलं तर कायमचंच तसं उभं राहावं लागेल. तिने कड्या घातल्या.

तिन्ही वाड्या बंद, आणि आवाज आतच. म्हणजे तो स्टुडिओच्या वाडीत होता. त्यांच्यासोबत. याच खोलीत.

स्टुडिओची वाडी केवढीशी. तिने एकेका घराला हाक घातली. म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्याच्या नंबरला साद पाठवायची; मशीन जागं असेल तर ओ देतं. प्रसारणाच्या मशीनने ओ दिली. ओविटीच्या मशीनने दिली. फोन घेणाऱ्या मशीनने दिली. एकेकाची तार ती काढून ठेवत गेली. संपली घरं. तरी सगळ्या तारा जिथे येतात त्या पेटीवर एक हिरवा ठिपका लुकलुकत होता, ज्याची तार भिंतीत शिरत होती.

अचोला बसून राहिली. तिला समजलं होतं कोणतं घर राहिलं. त्या घराला तिने हाक घातली नव्हती, कारण ते रिकामं होतं. रिकामं होतं, कारण तिने ते रिकामं ठेवलं होतं. तिथे दुसरं कोणी बसवलं असतं, तर एका नंबरावर दोघे येऊन त्यांची पहिल्याच दिवशी जुंपली असती, केंद्रभर बोंब झाली असती आणि गोष्ट तिथेच उघडी पडली असती. पण न पुरलेल्या माणसाची जागा कोण देतं दुसऱ्याला? वर्षभर तिने दाराशी उभं राहून ती जागा त्याच्यासाठी राखली होती, आणि तो आत होता.

ओविटी म्हणाला, "नको घालू हाक."

तिने घातली. ओबुराच्या नंबरला. आणि ओ आली. लगेच आली, कोणी दाराच्या आतल्या बाजूला टेकूनच बसलं असावं तशी.

किसुमूच्या त्या फळीसमोर बसलेली असताना तिला एक गोष्ट कळायची, जी कोणी शिकवली नव्हती: तार मेली आहे, की पलीकडे कोणीतरी आहे आणि बोलत नाही. तीच जाणीव आता तिच्या मानेवरून सरकली. ती उठली आणि भिंतीवरून हात फिरवू लागली. ट्रेमागून ट्रे. थंड पुठ्ठा, थंड पुठ्ठा. खिडकीखालच्या कोपऱ्यात, ओबुराच्या खुर्चीवर बसल्या हाताला लागेल अशा उंचीवर, पुठ्ठा गरम होता. अंगाला हात लावावा तितका.

ट्रे सोलला तेव्हा मागे विटा काढून केलेला कोनाडा निघाला. आत पडदा नसलेलं, घडी घालायचं जुनं मशीन, आणि धूळ बसू नये म्हणून त्याला गुंडाळलेली एका चौकड्याच्या शर्टाची बाही. तो शर्ट सगळ्यांच्या ओळखीचा होता.

म्वालिमु आले, बघितलं, बसले. अचोलाने मशीनला पडदा जोडून ते काय करतं ते सांगितलं. ते तारेवरून स्टुडिओकडे कान लावून असतं. शांतता ठरावीक वेळेपेक्षा लांबली, की साठवलेला आवाज सोडून देतं. ओबुराने ते स्वतःच्या उशिरासाठी बसवलं होतं, आपल्याच नंबरावर; निघताना आपलं मशीन बंद करून हे लावायचा, आणि आल्यावर खुर्चीतूनच उलटं. मागचं इंजिनही त्यातच होतं.

"म्हणजे," म्वालिमु सावकाश म्हणाले, "तो मोटरसायकलवर नसायचाच?"

"अंथरुणात असायचा, म्वालिमु," ओविटी म्हणाला. "नाहीतर होडीत."

म्वालिमु हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही.

आता ते मशीन बंद करणं एका बोटाचं काम होतं. म्वालिमुंनी तेच सांगितलं. अचोलाने बोट पुढे केलं नाही. बंद केलं तर उद्या आवाज येणार नाही, परवा येणार नाही, आणि म्हातारी काय समजेल? की पोरगा वाटेतच होता आणि आता वाटेतच कुठे हरवला. ती ताटली झाकून आयुष्यभर धक्क्यावर उभी राहील. तिला इथे आणायला हवं, अचोला म्हणाली. काकाला वाटलं, हे क्रूर आहे. ओविटीलाही वाटलं. अचोला स्वतःच जाऊन तिला घेऊन आली, दोघी चालत, वाटेत ओमेनाच्या दराबद्दल बोलत.

मिन ओबुरा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, मुलाच्या. पाय जमिनीला पोचेनात. अचोलाने तिच्या कानांवर यंत्र चढवलं आणि हळूच समजावलं की रेडिओवर सगळे ऐकतात ते दोन तुकडे नव्हे, त्याने ठेवलेलं सगळं पहिल्यापासून ऐकवते. स्वतःच्या कानाला तिने दुसरं यंत्र लावलं.

आधी खुर्ची करकरली. तीच खुर्ची. मग ओबुरा म्हणाला, "मी ओबुरा. वाटेतच आहे." मग थांबला आणि स्वतःशीच म्हणाला, "नाही रे, हे झोपेतलं वाटतंय." पुन्हा म्हणाला, जरा धापा टाकत. पुन्हा, वाऱ्यात ओरडल्यासारखं. मध्येच ओठांनी मोटरसायकलचा आवाज काढून बघितला आणि तो इतका वाईट निघाला की एकटाच हसत सुटला. पाणी प्यायला. पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज. "आलोच, वाट बघा." आणखी एकदा. "आलोच. वाट बघा." पडद्यामागे उभा राहून प्रवेशाचं पहिलं वाक्य घोकणारा नट घोकतो, अगदी तसं.

म्हातारी ऐकत होती. अचोला तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. आधी त्यावर तो आनंद होता, जो बघवत नव्हता. मग कपाळावर एक आठी आली. त्याचं हसणं ऐकू आलं तेव्हा ती आठी तशीच राहिली आणि तोंडही हसलं. आणि मग चेहरा हळूहळू थांबला, पंखा बंद केल्यावर थांबतो तसा.

तिने यंत्र स्वतःच्या हाताने काढलं.

"हा तर बसलाय," ती म्हणाली. "बसून म्हणतोय वाटेत आहे. लबाड. लहानपणी असाच, कणगीमागे लपायचा आणि ओरडायचा, आई, मी नदीवरून येतोय." ती खुर्चीच्या हातावर हात फिरवत राहिली. मग दारात उभ्या दिराला, न्यांगवेसोला, म्हणाली, "कणगीखालचं वाळलं असेल. ताजं फळ आणा."

न्यांगवेसोने मशीन सरोवरात टाकायचं म्हटलं. तिने एवढंच म्हटलं, पाण्यात एकदा जाऊन आलाय तो. मशीनचं काय करायचं ते अचोलावर सोडून सगळे घरी गेले.

लुओंच्या घरात बिनलग्नाचा मुलगा गेला आणि त्याने आपली झोपडी बांधलेली नसली, तर पुरण्याआधी ती बांधतात. फाटकाच्या बाजूला, छोटी, घाईची, पण दार असलेली. गेलेल्याला घर नाही असं होऊ द्यायचं नाही. ओबुरासाठी ती बांधत होते त्याच सकाळी अचोला केंद्रात बसली आणि तिने स्टुडिओच्या वाडीतून एक वेगळाच नंबर काढून घेतला. त्याच्यासाठी पाचवी वाडी पाडली. पाडता येईल तेवढी लहान. एकच घर. तिला फाटक ठेवलं नाही. मशीन तिने परत कोनाड्यात ठेवलं, शर्टाची बाही नीट गुंडाळली आणि कानाच्या यंत्राची एक तार तेवढी बाहेर ठेवून ट्रे चिकटवला.

मग ओबुराचा जुना, आता मोकळा झालेला नंबर तिने ओविटीच्या मशीनला दिला. ओविटीने हात जोडले. आता नको, म्हणाला. तिने तरी दिला.

पुरण्याच्या दिवशी ओविटीने रेडिओवर मरणाची खबर वाचली, जशी सगळ्यांची वाचतात, कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ, कोणत्या घराण्याचा. वाचून झाल्यावर तो थांबला. मुद्दाम थांबला. धक्क्यावर होड्या ओढणारे थांबले, बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या, आणि सरोवराकाठी जिथे जिथे रेडिओ होता तिथे माणसांनी श्वास धरला. शांतता लांबत गेली. पूर्वी आवाज यायचा त्याच्याही पुढे गेली. कोणी खाकरलं नाही. मग ओविटीने गाणं लावलं.

यागोचं फळ पांघरुणात गुंडाळून नेलं. बायका रडल्या, काका भाषणात लांबला, धाकट्या भावाने पहिली माती टाकली. सगळं रीतीने झालं. जेवणं झाल्यावर लोक पांगले तेव्हा मिन ओबुरा नव्या झोपडीच्या दाराशी बसली होती. तिने अचोलाला जवळ बोलावलं आणि तिचं मनगट धरलं.

अचोलाला एक गोष्ट ठाऊक होती, जी तिने म्वालिमुंनाही सांगितली नव्हती. पाचव्या वाडीचं कुंपण पडल्यापासून ओबुराच्या मशीनला स्टुडिओ ऐकू येईनासा झाला होता. त्याच्या लेखी आता सगळीकडे शांतताच होती, अखंड. म्हणून ते सारखं बोलत होतं. पेटीवर त्याचा हिरवा ठिपका क्षणभरही थांबत नव्हता.

म्हातारीने विचारलं, "तिकडे गप्प आहे ना आता तो?"

हो म्हणणं सोपं होतं. पण चुकीचा नंबर जोडून देणं अचोलाला आयुष्यात जमलं नव्हतं.

"गप्प नाही, मिन ओबुरा. दिवसभर बोलतो. मी सकाळी जाऊन थोडा वेळ ऐकते, आणि मग कामाला लागते."